जर्मनीत आहात आणि सह्याद्री मिस करताय? मग सॅक्सन स्वित्झर्लंड असं करा

नावात स्वित्झर्लंड असलं तरी हा कातळसुळक्यांचा डोंगराळ भाग ड्रेस्डेनजवळ, एल्बे नदीच्या काठावर, चेक बॉर्डरला लागून आहे. ड्रेस्डेन स्टेशनवरून एस१ लोकल पकडायची, अर्ध्या-पाऊण तासात राटेन, डॉइचलांड तिकीट (जर्मनीभरच्या लोकल गाड्यांचा मासिक पास) चालतं. उतरल्यावर होडीने पलीकडे जायचं (दोराला बांधलेली ही होडी नदीच्या प्रवाहावरच चालते, मजा येते) आणि चढून बास्टाय नावाच्या कड्यावरचा दगडी पूल, १८५१ चा. वीकेंडला तिथे तुफान गर्दी, त्यामुळे सकाळी लवकर जा किंवा फोटो काढून सरळ श्वेडनल्योखर घळीतल्या पायऱ्यांनी खाली सटका.

खरा ट्रेक मात्र बाड शांडाऊ गावाजवळच्या श्रामश्टाइने या कातळरांगेला. लोखंडी शिड्या, अरुंद धार, खाली जंगल. दुसरा दिवस असेल तर बाड शांडाऊहून जंगलातली जुनी ट्राम धरून लिख्टनहाइन धबधब्यापर्यंत जा, तिथून कूश्टालची भली मोठी नैसर्गिक कमान. वर जायच्या पायऱ्या दोन कातळांच्या फटीतून आहेत, मोठी सॅक असेल तर पुढे घ्या नाहीतर अडकलात.

आता क्लाइंबिंग. आपल्याकडे बेसॉल्ट, इथे वाळूचा दगड, बोट फिरवलं तरी कण हाताला लागतात. म्हणून नियम कडक आहेत आणि ते पाळायचेच: चॉक (हाताला लावायची पांढरी पावडर) नाही, फ्रेंड किंवा नट असलं दोर अडकवायचं धातूचं काही फटीत घालायचं नाही, त्याऐवजी गाठ मारलेल्या स्लिंग (दोराचे फास) अडकवायच्या, दगडात ठोकलेल्या लोखंडी रिंगा पण मोजक्याच, आणि चढायचं ते फक्त सुट्या उभ्या सुळक्यांवर. पाऊस पडून गेला की दगड वरून कोरडा दिसला तरी आतून ओला असतो, होल्ड (पकडायचा खाचा-उंचवटा) सरळ तुटून हातात येतो, तेव्हा त्या दिवशी क्लाइंबिंग विसरा आणि चालायला जा. "आम्ही भर पावसात ट्रेक करतो" हा माज इथे नको. रिंगांमधलं अंतर बघून भल्याभल्यांची फाटते, पहिल्यांदा लोकल गाईड घ्याच.

जंगलात सुकलेले स्प्रूस (सूचिपर्णी झाडं) भरपूर आहेत, किड्याने मेलेले, वारा असला की पडतात, म्हणून बंद वाटांचे बोर्ड सिरियसली घ्या. चूल, सिगरेट काही नाही, २०२२ ला इथे मोठा वणवा लागला होता. मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बेस्ट. सुटे युरो खिशात ठेवा आणि शेवटच्या होडीची वेळ सकाळीच बघून घ्या.