तरुण मुलांना कर्जाचा व्यवहार शिकवताना या चुका टाळा

मुलाच्या हातात पहिले क्रेडिट कार्ड येते, वर्षभरात थकबाकी त्याच्या आवाक्याबाहेर जाते आणि मग घरातली मोठी माणसे म्हणतात, "आजकालच्या मुलांना पैशाची किंमतच राहिलेली नाही." तरुणांना आणि त्यांच्या पालकांना पैशाचे व्यवहार समजावून सांगण्याचे काम मी बराच काळ करत आलो आहे आणि हे म्हणणे मला मान्य नाही. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांना पैशाची किंमत चांगली ठाऊक असते. कर्जाचा हिशेब मात्र त्यांच्याकडून कोणी कधी करून घेतलेला नसतो. शिकवणाऱ्यांच्या हातून, म्हणजे पालक, शिक्षक आणि थोरल्या भावंडांच्या हातून, त्याच त्या चुका होत राहतात आणि त्यांची झळ मुलांना लागते.

"कर्ज काढूच नकोस" एवढेच सांगून थांबणे

हा उपदेश मुलगा घरी असेपर्यंत टिकतो. शिक्षणासाठी, घरासाठी किंवा अडीअडचणीला बहुतेकांना कधी ना कधी कर्ज घ्यावे लागते आणि ज्याला केवळ भीती शिकवली आहे, तो अशा वेळी अटी न वाचताच सही करून मोकळा होतो. माझी पद्धत अशी की, मूल पंधरा-सोळा वर्षांचे झाले की त्याला घरातूनच एखाद्या वस्तूसाठी लहानसे कर्ज द्यावे. कागद त्याने स्वतःच्या हाताने लिहावा : मुद्दल किती, व्याज किती, हप्ता कोणत्या तारखेला, उशीर झाला तर दंड किती. हप्ता चुकला तर दंड घ्यावाच. येथे पालकच कच खातात, "जाऊ दे, लहान आहे" म्हणतात आणि मग त्या कागदाला काही अर्थ उरत नाही.

किमान देय रक्कम भरली म्हणजे झाले, असे वाटू देणे

ही चूक मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते, कारण ती शिस्तीच्या मुलांकडून होते. पहिल्या नोकरीत रुळलेली एक मुलगी वडिलांसोबत माझ्याकडे आली होती. कार्डावर साठ हजारांची खरेदी झाल्यावर तिने कार्ड कपाटात ठेवून दिले होते, नंतर एकही खर्च त्यावर केलेला नव्हता आणि वर्षभर प्रत्येक बिल तारखेच्या आत भरलेले होते. सगळी बिले तिने क्रमाने लावून आणली होती. वडील अभिमानाने सांगत होते की, मुलीने एकही तारीख चुकवलेली नाही. मग थकबाकी का हटत नाही, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

कार्डावर महिन्याला 3 टक्के व्याज होते आणि किमान देय रक्कम, म्हणजे त्या महिन्यात निदान भरावीच लागणारी रक्कम, बिलाच्या 5 टक्के. वर्षभर ती तेवढीच भरत आली होती. मी तिला कागदावर तीन रकाने आखायला सांगितले : भरलेली रक्कम, त्यातले व्याज आणि कमी झालेले मुद्दल. साठ हजारांत 1,800 व्याज मिळून बिल 61,800 झाले, म्हणून पहिल्या ओळीत 3,090, 1,800 आणि 1,290 हे आकडे आले. तिसऱ्या-चौथ्या ओळीला तिचा लिहिण्याचा वेग मंदावला. इतर शुल्के बाजूला ठेवली तरी बारा ओळींची बेरीज अशी निघाली : भरलेले जवळजवळ 33,000, त्यातले व्याज 19,000 च्या वर आणि मुद्दलात झालेली घट 14,000 पेक्षाही कमी. बिलावर ठळक अक्षरांत छापलेली रक्कम तिने इमानेइतबारे भरली होती आणि तेवढी भरली की आपले कर्तव्य संपले, असे तिला वाटत होते. वेगळे काही तिला कोणी सांगितलेच नव्हते.

या रकमेची मेख अशी की, ती थकबाकीच्या टक्क्यांत ठरते. त्यामुळे थकबाकी जसजशी कमी होते, तसतसा हप्ताही आक्रसत जातो आणि परतफेड लांबतच राहते. वरच्या दराने केवळ किमान रक्कम भरत गेल्यास 30 महिन्यांनंतरही निम्म्याहून अधिक थकबाकी शिल्लक असते. हाच 3,090 चा पहिला हप्ता दर महिन्याला तेवढाच ठेवून भरत राहिले, तर सुमारे 30 महिन्यांत संपूर्ण कर्ज फिटते. उत्पन्न तेच, दर तोच. फरक केवळ हप्ता आक्रसू न देण्याचा आहे. दुसरी बाब त्याहून कमी लोकांना ठाऊक असते. बिल पूर्ण न भरल्यास बहुतेक कार्डांवर बिनव्याजी मुदतीची सवलत जाते आणि नव्या खरेदीवर खरेदीच्या दिवसापासूनच व्याज चालू होते.

म्हणून माझा आग्रह असा की, कार्ड हाती देण्यापूर्वी हे तीन रकाने मुलाने स्वतः, पेनाने, निदान बारा ओळींपर्यंत भरावेत. अॅपवर आकडा टाकून उत्तर पाहण्याचा आग्रह अनेक जण धरतात. उत्तर तेच येते, पण व्याजाचा रकाना ओळीमागून ओळ स्वतः लिहिल्याने जे उमगते, ते तयार उत्तर पाहून उमगत नाही. ज्यांना अर्धा तास बसून हा हिशेब करण्याचा धीर नाही, त्यांनी कार्ड घेण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दरमहा आपोआप भरणा होण्याची सोय केली असेल, तर ती "पूर्ण रक्कम" यावर ठेवली आहे की "किमान रक्कम" यावर, हेही त्याच दिवशी तपासावे.

काही चुका थोडक्यात सांगतो. क्रेडिट कार्डावरून रोख रक्कम काढू नये, कारण त्यावर सहसा वेगळे शुल्क लागते आणि व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होते. कर्जमर्यादा वाढवून मिळाली म्हणजे ऐपत वाढली, असे नव्हे. "बिनव्याजी हप्ते" घेण्यापूर्वी, एकरकमी पैसे दिल्यास किती सवलत मिळाली असती, हे विचारावे. बरेचदा व्याज तिथे दडलेले असते. क्रेडिट स्कोअर, म्हणजे आजवरच्या कर्जफेडीवरून आपली पत दाखवणारा आकडा, झटपट वाढवून देण्याचे आश्वासन देणाऱ्यांच्या नादी लागू नये. वेळेवर परतफेड आणि मर्यादेच्या मानाने कमी वापर यांतूनच तो हळूहळू सुधारतो.

पालकांनी गुपचूप सगळी थकबाकी फेडून टाकणे

एका परिचिताच्या मुलाची थकबाकी घरात उघड झाली, तेव्हा वडिलांनी स्वतःच्या ठेवी मोडून त्याच संध्याकाळी सगळी रक्कम भरली आणि "आता हा विषय घरात काढायचा नाही" असे जाहीर केले. त्यामागची माया मला समजते. परंतु मुलाने हिशेब मांडला नाही, पैसा कुठे गेला हे कोणी विचारले नाही आणि त्या कार्डाची संपूर्ण मर्यादा पुन्हा मोकळी झाली. काही महिन्यांत कार्ड पुन्हा भरले. या वेळी ते घरी कळू नये म्हणून त्याने दुसऱ्या ठिकाणाहून कर्ज काढून पहिले फेडले, आणि ते फेडण्यासाठी तिसरे. विषय काढायचा नाही, असे ठरलेले असल्यामुळे त्याला मदत मागायलाही जागा उरली नव्हती. दुसऱ्यांदा उघड झाले, तेव्हा रक्कम पहिल्यापेक्षा कितीतरी मोठी होती.

अशा वेळी मी पहिल्या बैठकीत पैशाला हातच लावू देत नाही. मुलाने सगळ्या देण्यांची यादी करावी : कोणाचे, किती, कोणत्या दराने, पुढची तारीख कोणती. मग नवे कर्ज बंद करावे. सर्वांचे किमान हप्ते चुकू न देता, हाती उरलेला पैसा सर्वांत जड व्याजाच्या कर्जाकडे वळवावा. हप्ता झेपणारच नसेल, तर तो चुकण्याआधी कर्ज देणाऱ्या संस्थेला मुलाने स्वतः फोन करून मुदत वाढवून मागावी. पालक शेजारी बसलेले असावेत, पण बोलावे मुलानेच. पालकांनी पैसे दिलेच, तर ते लेखी अटींवर, हप्त्यांनी परत घेण्याच्या बोलीवर द्यावेत.

याला एक अपवाद आहे आणि तो मी प्रत्येक पालकाला बजावून सांगतो. वसुलीसाठी धमक्या येत असतील, बदनामीची भीती घातली जात असेल किंवा मूल खचून गेलेले, अबोल झालेले दिसत असेल, तर धडा शिकवण्याची ती वेळ नव्हे. आधी त्याच्या पाठीशी उभे राहावे, त्याला एकटे सोडू नये आणि धमक्यांची रीतसर तक्रार करावी. हिशेब नंतरही करता येतो.

जाहिरातीतला दर तोच खरा मानणे

"वर्षाला फक्त 12 टक्के" असे वाचून मुले दोन कर्जांची तुलना करतात आणि चुकीचे कर्ज निवडतात. एक लाख वीस हजारांचे कर्ज बारा समान हप्त्यांत फेडायचे आहे आणि व्याज वर्षभर मूळ रकमेवरच आकारले जाणार आहे, असे समजा. व्याज 14,400 होते आणि हप्ता 11,200. पण दर महिन्याला मुद्दल कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण रकमेवर द्यावे लागत असल्याने, घटत्या शिलकेवर मोजल्यास हाच दर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. महिन्याला 3 टक्के हा दरही ऐकायला किरकोळ वाटतो. चक्रवाढीने तो वर्षाला 42.6 टक्के होतो. पंधरा दिवसांच्या झटपट कर्जांत तर शुल्क आधीच कापून घेतात. दहा हजारांतले दीड हजार कापून साडेआठ हजार हातात दिले आणि परत दहा हजार मागितले, तर पंधरा दिवसांचाच दर साडेसतरा टक्क्यांच्या वर गेला. मुलांना एकच सवय लावावी : प्रत्यक्ष हातात किती पडणार आणि शेवटपर्यंत एकूण किती परत द्यावे लागणार, हे दोन आकडे लिहून घेतल्याशिवाय सही करायची नाही.

मित्रासाठी जामीन राहण्याविषयी काहीच न बोलणे

हा विषय घरात बहुधा निघतच नाही, आणि विशीतल्या मुलांना मैत्रीखातर सही करणे अगदी साधी गोष्ट वाटते. मुख्य कर्जदाराने हप्ते थकवले, तर वसुली जामीनदाराकडून होऊ शकते आणि त्याच्या स्वतःच्या पुढच्या कर्जावरही त्याचा परिणाम होऊ शकतो, हे त्यांना सही करण्यापूर्वी कळायला हवे. मी मुलांना विचारतो, "उद्यापासून याचे सगळे हप्ते तुलाच भरावे लागले, तर भरशील का?" उत्तर नाही असे असेल, तर सही करू नये. मित्राला तोंडावर नकार देणे या वयात फार अवघड जाते, म्हणून पालकांनी त्यांना आधीच सांगून ठेवावे की, "घरच्यांनी जामीन राहायला सक्त मनाई केली आहे, असे खुशाल सांग, वाईटपणा आम्ही घेतो."