इन्फ्रारेड छायाचित्रातला मधला डाग कसा घालवला

इंदूरजवळ चोरलच्या परिसरात पायी भटकताना मी साध्या डिजिटल कॅमेऱ्याला मुख्यतः इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा तांबड्यापलीकडचा प्रकाश आत सोडणारा ७२० नॅनोमीटरचा फिल्टर लावून छायाचित्रे काढतो. हिरवी पाने हा प्रकाश मोठ्या प्रमाणात परावर्तित करतात, म्हणून झाडे पांढरीशुभ्र उमटतात आणि निरभ्र आकाश गडद होते. हे रूप मला विलक्षण आवडते. मात्र प्रत्येक चित्राच्या मधोमध एक फिकट गोल डाग येत असे. फिल्टर पुसून, ऊन पाठीशी घेऊनही तो हटेना. शेवटी एकाच पळसाची चित्रे अ‍ॅपर्चर (लेन्समधून प्रकाश आत येण्याचे छिद्र) बदलत काढली, तेव्हा उलगडा झाला: एफ/१६ ला, म्हणजे छिद्र लहान असताना, डागाची कड ठसठशीत होती, तर एफ/५.६ ला, म्हणजे ते मोठे असताना, तो पसरून दिसेनासा झाला. लेन्सवरचे लेप दृश्य प्रकाशासाठी बनवलेले असल्यामुळे इन्फ्रारेड किरण आतल्या आत परावर्तित होतात आणि अ‍ॅपर्चर लहान केले की हा डाग अधिक ठळक होतो. अ‍ॅपर्चर मोठे ठेवल्यावर फोकस मात्र काटेकोर हवा; तो फिल्टर चढवण्यापूर्वी घ्यावा आणि मग रिंग किंचित जवळच्या अंतराकडे फिरवावी, कारण हे किरण लेन्सच्या मागे थोडे दूर एकवटतात. सेन्सरपुढची इन्फ्रारेड अडवणारी काच काढलेली नसल्यास एक्स्पोजर कित्येक सेकंदांचे लागते, तेव्हा ट्रायपॉड सोबत हवाच.