मीटरवरचं गिअरचं अक्षर गेलं तर आधी काय तपासायचं

मी लातूरला औसा रोडवर गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. पूर्वी माझ्याकडे ट्रॅक्टर आणि जीपच जास्त यायच्या. आता मोंढ्यातल्या आडतदारांपासून शाळेतल्या मास्तरांपर्यंत ऑटोमॅटिक गाड्या पोचल्यात, आणि त्यांच्यासोबत ही तक्रारही: स्टिअरिंगमागच्या मीटरवर पी, आर, एन, डी (पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह) दिसत नाही, नाहीतर भलतंच दिसतं.

मागच्या दिवाळीनंतर औशाकडचे एक गुरुजी आले. एका ठिकाणी त्यांना पूर्ण मीटर बदलायला सांगितलं होतं. "मिस्त्री, गाडी तर चांगली पळती, निस्तं अक्षर दिसना गेलंय. तेवढ्यासाठी एवढा खर्च करावा का?" मी विचारलं, "सगळ्या गिअरला जातंय का एकाच?" ते म्हणाले, "रिव्हर्स टाकलं की जातंय." मीटर चांगलं आहे हे मला तिथेच कळलं. खराब मीटर पी, एन आणि डी नीट दाखवून नेमकं रिव्हर्सलाच कशाला बंद पडेल?

म्हणून हातात पाना घ्यायच्या आधी कागद घ्या आणि लिहा. सगळीच अक्षरं गेलीत की एखादंच? कायमचं गेलंय की खड्ड्यात गाडी आदळली की? सकाळी गार असताना होतं की तासभर चालवल्यावर? नुकतीच गाडी धुतली होती का? सर्व्हिसिंग सेंटरवर प्रेशरच्या पाण्याने इंजिन धुतल्यावर वायरी जोडायच्या कपलरमध्ये पाणी शिरून आलेल्या गाड्या मी पुष्कळ बघितल्यात.

एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. बहुतेक गाड्यांत ते अक्षर तुमच्या हातातला लिव्हर बघून ठरत नाही. लिव्हर केबल ओढतो, केबल गिअरबॉक्सचा दांडा फिरवते, त्या दांड्यावर एक स्विच बसवलेला असतो. कोणी त्याला इनहिबिटर स्विच म्हणतं, कोणी रेंज सेन्सर. तो स्विच गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला सांगतो आणि कॉम्प्युटर मीटरला. मीटर या रांगेत सगळ्यात शेवटी आहे, म्हणून ते सगळ्यात शेवटी बदलायचं.

काम सपाट जागेवर करा, चाकांच्या पुढे-मागे दगड लावा, हँडब्रेक ओढा. लिव्हर हलवून तपासताना चावी ऑन, इंजिन बंद. पिवळ्या आवरणाच्या वायरींना आणि कपलरना हात लावू नका, त्या एअरबॅगच्या असतात.

सुरुवात बॅटरीपासून. रात्रभर उभ्या गाडीला १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, मग पुढचं बोलू. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरीची लोड टेस्ट करून घ्या. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ दिसतं. आपल्याकडचा उन्हाळा चाळिशीच्या वर जातो, त्यात बॅटऱ्या लवकर थकतात. आणि व्होल्टेज पडलं की कॉम्प्युटर वेड्यासारखे दिवे लावतात. टर्मिनलवर पांढरा चुना धरला असेल तर गरम पाण्याने धुवा, घासा, आवळा. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी.

फ्यूज नुसता डोळ्याने बघून सोडू नका. चावी ऑन करून फ्यूजच्या दोन्ही टोकांना व्होल्ट येतात का बघा.

आता दोन फुकटच्या तपासण्या. सेल्फ फक्त पी आणि एन मध्येच लागू देणं हेही त्याच इनहिबिटर स्विचचं काम. ब्रेक दाबून पी मध्ये सेल्फ मारा, मग एन मध्ये. एन मध्ये गाडी चालू होते आणि पी मध्ये होत नाही, तर स्विच सरकलाय, केबलचा बुश ढिला झालाय किंवा स्विचच गेलाय. दुसरी, रिव्हर्स टाकून मागचा पांढरा दिवा बघा. पुष्कळ गाड्यांत तो याच स्विचवरून जळतो. ब्रेक दाबूनही लिव्हर पी मधून हलतच नसेल तर ब्रेकचे लाल दिवे लागतात का बघा. ते लागत नसतील तर ब्रेक पेडलचा स्विच नाहीतर त्याचा फ्यूज बघायचा, गिअरबॉक्स उघडायचा नाही.

गुरुजींच्या गाडीचा मागचा दिवा लागत होता, पण मंद. स्विचच्या कपलरवर मल्टिमीटर लावलं, १२ व्होल्ट पूर्ण. पुष्कळ जण इथे फसतात, कारण मल्टिमीटर जवळजवळ करंट खातच नाही. मी त्याच वायरवर २१ वॅटचा बल्ब लावला. तो पेटलाच नाही, नुसती तार लाल झाली, आणि मल्टिमीटरवर १२ चे ६ व्होल्ट झाले. एवढा बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो, आणि वायर तेवढा देऊ शकत नव्हती. रिव्हर्सला मागचा दिवा हाच करंट ओढायचा, स्विचचं व्होल्टेज कोसळायचं आणि अक्षर जायचं. एक सांभाळा: बल्बची ही चाचणी स्विचच्या १२ व्होल्टच्या सप्लायवरच करायची. कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या सिग्नलच्या किंवा ५ व्होल्टच्या वायरवर बल्ब लावलात तर कॉम्प्युटर जाऊ शकतो.

वायर हाताने चाचपत गेलो. एअर फिल्टरचा डबा काढला तर खाली हार्नेसची, म्हणजे वायरींच्या जुडग्याची, टेप कुरतडलेली, उंदराच्या लेंड्या, आणि एका वायरचं प्लॅस्टिक बोटभर सोललेलं. तांब्याच्या तारा हिरव्या पडून तुटल्या होत्या, दोन उरल्या होत्या. गुरुजींनी गाडी सोयाबीनच्या पोत्यांच्या थप्पीशेजारी उभी केली होती. सुगीच्या दिवसांत आपल्या भागात बॉनेट उघडून बघणं ही सवयच हवी.

अशी वायर पिळून टेप मारून देऊ नका. चकचकीत तांबं लागेपर्यंत कापा, त्याच जाडीचा तुकडा घ्या, सोल्डर करा आणि गरम करून आवळणारी स्लीव्ह चढवा. टेपचा डिंक उन्हाळ्यात वितळतो आणि सांधा उघडा पडतो.

अर्थिंगही असंच लोडवर तपासा. इंजिन चालू, हेडलाइट आणि एसी चालू. मल्टिमीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी गिअरबॉक्सच्या अंगाला. ०.२ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थची पट्टी काढा, रंग आणि गंज घासा, परत आवळा.

एवढ्यात सापडलं नाही तर गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावा. पी०७०५ ते पी०७०८ हे कोड याच स्विचच्या सर्किटचे. कोड आला म्हणजे स्विच खराब असं नाही, वायर आणि कपलरही त्यातच आले. लाइव्ह डेटा लावून लिव्हर सावकाश एकेक घर हलवा आणि दुसऱ्याला हार्नेस हलवायला सांगा. हार्नेस हलवल्यावर अक्षर उडालं तर वायर. प्रत्येक घरात थोडं आधी किंवा थोडं नंतर बदलत असेल तर केबल किंवा स्विचची सेटिंग. लिव्हर एन मध्ये ठेवून स्विचचे बोल्ट ढिले करायचे आणि खुणा जुळवायच्या.

यू०१०१ आला तर गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरशी बोलणं तुटलंय. त्याचा फ्यूज आणि अर्थ बघा. मग बॅटरी सोडवून स्कॅनरच्या सॉकेटमधल्या ६ आणि १४ नंबरच्या पिनमध्ये ओहम मोजा; कॉम्प्युटर एकमेकांशी ज्या दोन वायरींवरून बोलतात, त्या इथे येतात. ६० च्या आसपास यायला हवेत. १२० आले तर त्या वायरींच्या दोन टोकांना असलेल्या रेझिस्टरपैकी एकाची जोडणी तुटलीय, शून्याजवळ आले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात.

एएमटी, म्हणजे साधाच गिअरबॉक्स पण क्लच-गिअर मशीन बदलतं अशा गाडीवाल्यांनी मात्र हे जसंच्या तसं लावू नये. त्यातल्या बऱ्याच गाड्यांत पी नसतोच, आणि अक्षर लुकलुकलं तर लिव्हर एका जागी, गिअर दुसऱ्या जागी अशी खूण असू शकते. आधी गाडीचं पुस्तक बघा.

आणि पी-एन चा स्विच कोणी बायपास करून देत असेल तर स्पष्ट नाही म्हणा. गाडी गिअरमध्ये असताना सेल्फ लागेल आणि समोर उभ्या माणसावर जाईल.

काम झाल्यावर कोड पुसा, इंजिन चालू करून, ब्रेक दाबून ठेवून, हेडलाइट आणि एसी लावून लिव्हर दहा वेळा पी पासून डी पर्यंत न्या, मग खराब रस्त्यावर एक फेरी मारा. गुरुजींना मी फेरीहून आल्यावर दुकानाच्या भिंतीकडे गाडी मागे घ्यायला लावली. भिंतीवर पांढरा उजेड लख्ख पडला, आणि आतून आवाज आला, "आर दिसलालंय, मिस्त्री."