काम नसताना गुंतलेला संगणक: जीपीईच्या भडिमाराचे निदान

सदाशिव पेठेतील एका अभ्यासिकेत हजेरी आणि छपाईसाठी ठेवलेला लिनक्सचा छोटा संगणक अडखळू लागला, तेव्हा पहिला संशय उन्हाळ्यावर गेला. मे महिन्यातले पुणे पाहता तो गैर नव्हता. परंतु उष्णतेमुळे येणारा मंदपणा यंत्र तापल्यावर जाणवतो, आणि हे यंत्र सकाळी गार असतानाच रखडत होते.

अशा वेळी सर्व प्रोग्राम बंद करून टर्मिनलमध्ये ‘टॉप’ ही चालू प्रक्रियांची यादी दाखवणारी आज्ञा चालवावी. कोणाचेही काम चालू नसताना ‘केवर्कर’ ही कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, प्रक्रिया प्रोसेसरचा एखादा कोअर सतत व्यापून बसली असेल आणि तिच्या नावात ‘केएसीपीआयडी’ दिसत असेल, तर रॅम वाढवण्याचा खर्च तूर्त थांबवावा. पॉवर बटण, पंखा, झोपेतून जागे होणे अशा घडामोडींची वर्दी हार्डवेअर कर्नलला जीपीई (जनरल पर्पज इव्हेंट) या इंटरप्टद्वारे, म्हणजे हातातले काम थांबवून लक्ष वेधणाऱ्या संकेताद्वारे, देते. वर्दीचे कारण फर्मवेअरने, म्हणजे यंत्रातच बसवलेल्या मूळ सॉफ्टवेअरने, मिटवलेच नाही, तर तीच वर्दी पुन्हा पुन्हा येते; अडकलेली बेल वाजत राहावी आणि घरच्यांनी दर वेळी उठून दार उघडावे, तशी कर्नलची गत होते.

दोषी जीपीई शोधण्यासाठी ‘सिस’मधील ‘फर्मवेअर’, त्यातील ‘एसीपीआय’ आणि त्यातील ‘इंटरप्ट्स’ या फोल्डरमधल्या फायली वाचाव्यात. प्रत्येकीत एक मोजणी असते. केवळ मोठा आकडा पाहून निष्कर्ष काढू नये, कारण तो यंत्र सुरू झाल्यापासूनचा असतो. दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचून कोणता आकडा झपाट्याने वाढतो ते पाहावे. एकूण बेरजेच्या फायलीही तिथेच असतात, त्यांना दोषी धरू नये.

सापडलेल्या फायलीत रूट (सर्वाधिकारी) खात्याच्या अधिकाराने ‘डिसेबल’ हा शब्द इंग्रजीत लिहावा. केवर्कर लगेच शांत झाला, तर निदान पक्के. मात्र हा शब्द लिहिण्याआधी कर्नलच्या नोंदींत एम्बेडेड कंट्रोलर या यंत्रातील छोट्या नियंत्रक चिपचा जीपीई क्रमांक तपासावा. तोच क्रमांक दोषी निघाला, तर तो बंद न करता बायॉसची (यंत्राच्या फर्मवेअरची) नवी आवृत्ती शोधणे शहाणपणाचे, कारण पंख्यासारख्या गोष्टी त्यावर अवलंबून असू शकतात.

रीबूटनंतर ही बंदी उठते. म्हणून पॉवर बटण आणि झोप-जाग नीट चालते याची खात्री करून, ग्रब या कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्राममधील कर्नलच्या ओळीत ‘एसीपीआय_मास्क_जीपीई’ हे पॅरामीटर त्या क्रमांकासह घालावे. बायॉस किंवा कर्नल अद्ययावत केल्यावर ते एकदा काढून पाहावे.