कुत्रा ओट्यावरचं पळवतो? या चुका टाळा

ओट्यावर पाय टाकला की कधी पोळी हाती लागते, कधी नुसता पुसलेला ग्रॅनाइट. हे 'कधीतरी'च कुत्र्याला चिकटवून ठेवतं. हमखास मिळणारं बंद झालं तर तो लवकर नाद सोडतो. अधूनमधून मिळणाऱ्याचा नाद सुटता सुटत नाही. म्हणून आठवडाभर ओटा लख्ख ठेवून एक दिवस पनीर उघडं राहिलं, तर आधीच्या मेहनतीवर पाणी फिरतं.

सर्वांत मोठी चूक इथेच होते: शिकवणं सुरू, पण चोरीची सोयही चालूच. पोळ्यांचा डबा झाकणासकट कपाटात, तापवलेलं दूध फ्रिजमध्ये, खरकटी ताटं लगेच सिंकमध्ये. सिंकपर्यंत तोंड पोचत असेल तर खरकटंही आधी काढून टाका. घरात कुणी नसताना स्वयंपाकघराचं दार बंद. दार नसेल तर लहान मुलांसाठी मिळतं तसं अडसराचं फाटक लावा. सुरुवातीला सगळ्यांनाच हे जाच वाटतं, पण याला पर्याय नाही.

दुसरी चूक, मागाहून रागावणं. डबा रिकामा दिसल्यावर तुम्ही ओरडता, तो कान पाडून बघतो आणि आपण म्हणतो, 'बघ, कळतंय त्याला!' कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांच्या 2009च्या प्रयोगात हा 'अपराधी' चेहरा गुन्ह्यापेक्षा मालकाच्या रागावण्याशी जास्त जोडलेला दिसला. काहीच न खाल्लेले कुत्रेही रागावल्यावर तसेच बघत होते. पत्र्याचे डबे रचून ते अंगावर पाडण्याची युक्तीही नको. घाबरट कुत्रा स्वयंपाकघरालाच भिऊ लागतो आणि धीट कुत्रा तुम्ही नसण्याची वाट बघायला शिकतो.

तोंडातलं हिसकावायला धावलात तर तो न चावता गिळतो, आणि पुढे गुरगुरायलाही लागतो. त्यापेक्षा चिकनचा तुकडा लांब टाका. तो तिकडे वळला की खाली पडलेलं उचला.

आता आजी. भाजी चिरता चिरता गाजराचा तुकडा ओट्यावरूनच खाली जातो, 'एवढासा तर आहे.' गाजर देण्यात काही वावगं नाही, जागा चुकते. ओट्यापाशी उभं राहिलं की मिळतं, हेच तो शिकतो. तोच तुकडा त्याच्या बसकरावर नेऊन द्या.

या बसकरावरच खरी मेहनत घ्यायची. ओट्यापासून चार-पाच फुटांवर, तुम्ही दिसाल असं ते अंथरा. तो त्यावर पाय ठेवेल तेव्हा लगेच खाऊ, तोही बसकरावरच, हातातून नाही. मग तुम्ही रिकाम्या ओट्याशी उभे राहा, दर काही सेकंदांनी तुकडा टाका आणि मधला वेळ हळूहळू वाढवा. हे जमल्यावर चिरणं, मग पोळ्या लाटणं, आणि अगदी शेवटी मासे तळणं. बहुतेक जण पहिल्याच दिवशी सुरमईपासून सुरुवात करतात आणि 'आमचा ऐकतच नाही' म्हणतात. नुसतं 'नको, नको' म्हणून काय करायचं नाही एवढंच सांगितलं जातं. बसकर त्याला काय करायचं ते सांगतं.

लॅब्रेडॉर असेल तर धीर जास्त लागेल. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं की बऱ्याच लॅब्रेडॉरमध्ये 'पीओएमसी' या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो आणि अशा कुत्र्यांचा खाण्यावर जीव जास्त असतो. नुसत्या उपदेशानं ती भूक शमत नाही. मात्र एरवी शांत असलेला कुत्रा अचानक खा-खा करू लागला, तर आधी डॉक्टरांना दाखवा. जंत, मधुमेह किंवा औषधंही कारण असू शकतात.

कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका-बेदाणे, चॉकलेट, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते गोडवा आणणारं द्रव्य) घातलेले पदार्थ आणि शिजवलेली हाडं यातलं काही पोटात गेलं, तर लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यांना फोन करा. किती खाल्लं आणि कुत्र्याचं वजन किती, ते सांगा. वेष्टन असेल तर जवळ ठेवा. मनानं मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. कांद्यामुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि त्याची लक्षणं कधीकधी काही दिवसांनी दिसतात, तेव्हा आज कुत्रा उड्या मारतोय म्हणून फोन टाळू नका.