‘कळते, पण वळत नाही’ : कन्फ्यूशियन विचारांच्या आधारे ही अडचण कशी तपासावी

‘कळते, पण वळत नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा कळणे पुरे झाले आहे आणि कमी पडते ती इच्छाशक्ती, असे आपण न तपासताच धरून चालतो. चिनी तत्त्वज्ञ कन्फ्यूशियस याच्या परंपरेतील अनेक विचारवंतांनी नेमके या समजुतीवर बोट ठेवले. त्यांच्या मते खोट बहुधा कळण्यातच असते. हे म्हणणे स्वतःला लावून पाहायचे असेल, तर पुढील क्रमाने जावे.

सुरुवातीला एकच प्रसंग घ्यावा. ‘मी प्रामाणिक व्हायला हवे’ असा मोघम संकल्प इथे उपयोगाचा नाही. समजा, आपल्या चुकीचा ठपका सहकाऱ्यावर आला आहे, चूक कबूल केली पाहिजे हे आपल्याला ठाऊक आहे, आणि तीन दिवस आपण गप्प आहोत. हे कागदावर लिहावे आणि त्याखाली गप्प राहण्याची कारणे लिहावीत.

मग प्रत्येक कारणाला मेन्शियसचा प्रश्न विचारावा : हे मला जमत नाही, की मी करत नाही? इ.स.पू. चौथ्या शतकातील या कन्फ्यूशियन विचारवंताने प्राचीन चीनमधील छी राज्याच्या शुआन राजाला हाच फरक समजावून सांगितला होता. घंटेच्या विधीसाठी बळी द्यायला नेला जाणारा बैल राजाच्या दृष्टीस पडला, त्याची थरथर राजाला पाहवेना, आणि बैल सोडून मेंढा घ्या, असे त्याने सांगितले. लोक त्याला कंजूष म्हणाले. मेन्शियसने मात्र ओळखले की, राजाने बैल पाहिला होता, मेंढा पाहिला नव्हता. ज्याची करुणा जनावरापर्यंत पोहोचते, त्याची ती प्रजेपर्यंत का पोहोचत नाही? थाय पर्वत काखेत घेऊन उत्तरेचा समुद्र ओलांडणे माणसाला खरोखरच जमत नाही. पण वडीलधाऱ्यासाठी एक फांदी मोडून देणे ‘जमत नाही’ असे जो म्हणतो, तो ते करत नसतो, एवढेच. (फांदीच्या या शब्दांचा अर्थ टीकाकार वेगवेगळा लावतात, पण सहज होण्याजोगे काम हा रोख सर्वांना मान्य आहे.) आपल्या कागदावरची किती कारणे पर्वताच्या जातीची आहेत आणि किती फांदीच्या, हे मोजावे.

मला या कथेत सर्वांत मोलाचे वाटते ते पाहणे. राजाला त्या क्षणी दयेवर प्रवचन कोणी दिले नव्हते. त्याच्या डोळ्यांसमोर एक थरथरणारे जनावर होते. म्हणून यानंतरचे काम म्हणजे त्या सहकाऱ्याशेजारी जाऊन बसणे आणि ठपक्यामुळे त्याचे काय काय बिघडले, ते तपशिलाने जाणून घेणे. विहिरीत पडू पाहणारे मूल दिसताच कोणाच्याही काळजात चर्र होते, आणि ते कौतुकाच्या आशेने होत नाही, असे मेन्शियस सांगतो. यालाच तो माणुसकीचा अंकुर म्हणतो. मात्र अंकुर लवकर वाढावेत म्हणून ते वर ओढणाऱ्या सुंग राज्यातील माणसाची रोपे वाळून गेली, हेही तोच सांगतो. एका रात्रीत मोठी करुणा मनात उभी करण्याचा खटाटोप करू नये. जेवढी आली आहे, तेवढी जपावी.

आता आपले ज्ञान कोणत्या प्रतीचे आहे, हे तपासावे. त्यासाठी छंग यी (१०३३–११०७) या नंतरच्या कन्फ्यूशियन विचारवंताचा दाखला उपयोगी आहे. वाघ भयंकर असतो हे लहान मुलालाही माहीत असते. पण वाघाची गोष्ट निघताच ज्याचा चेहरा पालटला, तो पूर्वी वाघाच्या तावडीत सापडलेला शेतकरी होता. अन्यायाचे आपले ज्ञान ऐकीव आहे की त्या शेतकऱ्यासारखे, हा प्रश्न टाळू नये.

याच परंपरेतील वांग यांगमिंग (१४७२–१५२९) आणखी पुढे जातो. पालकांशी नीट वागावे हे जाणूनही लोक तसे वागत नाहीत, अशी शंका शू आय या शिष्याने काढली, तेव्हा जाणूनही न करणारा माणूस असत नाही, त्याला अजून कळलेलेच नसते, असे उत्तर त्याने दिले. दुर्गंध येताच नकोसा वाटतो. आधी ओळख आणि मग वेगळा निश्चय, असे तिथे घडत नाही. कळणे आणि करणे जिथे एकमेकांपासून तुटलेले दिसते, तिथे स्वार्थी इच्छा मध्ये आलेली असते. तेव्हा ‘बळ कुठून आणू?’ असे न विचारता ‘मी काय वाचवतो आहे?’ असे विचारावे. उत्तर पद, प्रतिष्ठा किंवा सोय यांपैकी काही निघाले, तर तेही कागदावर उतरवावे. हे सांगणारा माणूस १५०६ मध्ये ल्यू जिन या बलाढ्य खोज्याच्या रोषाला बळी पडलेल्या अधिकाऱ्यांच्या बाजूने उभा राहिला, त्याने फटके खाल्ले आणि क्वेचौ प्रांतातील लुंगछांगला हद्दपारी भोगली. म्हणून त्याचे शब्द मला जड वाटतात.

मात्र योग्य काय हेच स्पष्ट नसेल, तर वांगची वाट धरू नये. तिथे त्याच्या आधीचा कन्फ्यूशियन विचारवंत चू शी (११३०–१२००) अधिक भरवशाचा आहे : क्रमाने ज्ञान आधी, महत्त्वाने कृती मोठी. अंकुरच जाणवत नसेल, तर शुन्झी या प्राचीन कन्फ्यूशियन विचारवंताच्या म्हणण्याप्रमाणे शिक्षण आणि आचारविधी यांच्या दीर्घ सवयीने मन घडवावे लागते; याला वर्षे लागतात.

प्रसंगातली कृती झाली की, त्याच दिवशी कागद पुन्हा काढावा. कबुली दिल्यावर सहकारी काय बोलला, त्याचा चेहरा कसा दिसला आणि सकाळपर्यंत आपल्याला ठाऊक नसलेले काय कळले, ते त्याच कारणांच्या शेजारी लिहावे.