यूकेचा स्टुडंट व्हिसा: २८ दिवस पैसा कसा सांभाळायचा आणि तिकडं गेल्यावर किती तास काम करायचं

लातूर जिल्ह्यात माझं सेवा केंद्र आहे, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा असलं रोजचं काम. भावकीतल्या एका पोराची यूकेची फाईल करून दिली तिथून हे सुरू झालं, आता दर हंगामात आसपासच्या गावची लेकरं येऊन बसतात. आणि येताना कुणाचं तरी ऐकून येतात, तेच आधी डोक्यातून काढावं लागतं.

ऑफर आली, डिपॉझिट भरलं, विद्यापीठाकडून कॅस नंबर (प्रवेश पक्का झाल्याचा, व्हिसाच्या अर्जात टाकायचा नंबर) मिळाला, इथपर्यंत तुम्ही पोचलात असं धरतो. टीबीची टेस्ट त्यांच्या यादीतल्या सेंटरलाच करा, गावातल्या डॉक्टरचा एक्स-रे चालत नाही. एकूण ७० पॉइंट लागतात, कॅसचे ५०, इंग्रजीचे १०, पैशाचे १०. आपल्याकडची लेकरं आपटतात ती त्या पैशाच्या १० वर.

हिशेब सोपाय. पहिल्या वर्षाची जेवढी फी कॅसवर बाकी दिसते ती, अधिक राहण्याखाण्याचे जास्तीत जास्त ९ महिन्यांचे. नोव्हेंबर २०२५ पासून लंडनबाहेर महिन्याला १,१७१ पाउंड, म्हणजे ९ महिन्यांचे १०,५३९, आणि लंडनात १,५२९, म्हणजे १३,७६१. हे आकडे वाढत राहतात, फॉर्म भरायच्या दिवशी तिकडच्या सरकारी साइटवर परत बघा. समजा फी १०,००० पाउंड बाकी आहे आणि शिकायचं लंडनबाहेर, तर झाले २०,५३९. पाउंड ११५ रुपये धरला तर २३ लाख ६२ हजार. ते रेट ओआंडा या चलनाचे दर देणाऱ्या साइटचा धरतात, आपल्या बँकेचा नाही, आणि तो रोज हलतो, म्हणून मी काठावर कुणालाच ठेवू देत नाही, वर लाख-दीड लाख पाहिजेतच.

आता खरी गोष्ट. ही रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. सलग म्हणजे सलग, सरासरी नाही, "शेवटच्या दिवशी होते ना" असंबी नाही. २८ दिवसांत एक दिवस जरी बॅलन्स त्या आकड्याच्या खाली गेला तर संपलं.

माझी पहिलीच फाईल अशी गेली. सप्टेंबरचा प्रवेश, पैसे जूनच्या सुरुवातीला भावाच्या, म्हणजे पोराच्या बापाच्या खात्यात गोळा केले, बरोब्बर लागतील तेवढेच. मृग चांगला बरसला आणि भावानं एकोणिसाव्या दिवशी सोयाबीनच्या बियाण्याला आणि खताला ३८ हजार काढले, चार दिवसांनी उसनवारी करून परत भरलेबी, मला सांगितलं नाही कारण त्याच्या मते पैसे तर परत आले होते! मीबी शहाणा, स्टेटमेंटचा शेवटचा आकडा बघितला आणि फॉर्म सबमिट केला. रिजेक्ट. व्हिसा फी बुडाली, हेल्थ सरचार्ज (तिकडच्या सरकारी दवाखान्यांसाठी अर्जासोबतच भरायचे पैसे) तेवढा परत आला, आणि पोरगं जानेवारीला गेलं. भाऊ वर्षभर माझ्याशी नीट बोलला नाही, आणि त्याचं चुकलं असं मी आजबी म्हणत नाही, बॅलन्स रोजचा बघायचा असतो हे सांगायचं काम माझं होतं.

म्हणून आता मी काय करतो ते ऐका. वेगळं खातं. ज्याला एटीएम कार्ड नाही, फोनपे जोडलेलं नाही, पीक कर्ज त्या बँकेत नाही. पीक कर्जाचं खातं असलं की बँक कधी व्याज वळतं करून घेईल सांगता येत नाही. मे महिन्याच्या शेवटी ४३६ रुपयांचा जीवन ज्योती विमा आपोआप कटतो, काठावर ठेवलेल्या खात्याला तेवढंबी पुरतं. मोजायचं कसं, तर १ जूनला पूर्ण रक्कम बसली तर २८ जूनला २८ दिवस भरले, स्टेटमेंट त्या तारखेपर्यंतचं पाहिजे, आणि त्या तारखेपासून ३१ दिवसांच्या आत अर्ज गेला पाहिजे. अर्जाची तारीख म्हणजे ऑनलाइन फी भरली ती तारीख, बोटांचे ठसे दिले ती नाही. मी २८ वर थांबत नाही, ३२ दिवस होऊ देतो आणि प्रत्येक दिवसाचा बॅलन्स स्वतः पेनानं टिक करतो.

पैसा कुणाच्या नावावर, ही दुसरी खोच. लेकराच्या स्वतःच्या किंवा आईबापाच्या, लग्न झालेलं असलं आणि जोडीदारबी सोबतच व्हिसा मागत असला किंवा त्याला आधीच मिळालेला असला तर नवराबायकोच्या. काकाचं खातं चालत नाही, आजोबाचं चालत नाही, थोरल्या भावाचं नाही. आपल्याकडं घर एकत्र, व्यवहार काकाकडं, मग लोकं म्हणतात काका काय परका आहे का? नाही ना, पण त्यांच्या नियमात बसत नाही. आधी वडिलांच्या खात्यात वळवा आणि २८ दिवस तिथून मोजा. बापाचं खातं दाखवणार तर जन्माचा दाखला आणि संमतीचं पत्र लागतं, दाखला मराठीत असला तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर. दाखल्यावर बापाचं नाव "बाबू" आणि बँकेत "बाबुराव" असलं तर ते आधी निस्तरा, कॅस यायच्या आधी.

पतसंस्था आणि मल्टीस्टेटमधल्या ठेवी दाखवू नका. त्या रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली नाहीत आणि तिकडच्या अधिकाऱ्याला पडताळता आलं नाही की पॉइंट गेले. एफडी चालते, पण लगेच मोडता येणारी, पाच वर्षांची टॅक्सवाली नाही. सोनं, प्लॉट, सातबारा, शेअर, यातलं काही चालत नाही. तरी काही कन्सल्टंट सीएकडून मालमत्तेचं सर्टिफिकेट काढायला लावतात, जमिनीचं मूल्यांकन वगैरे, पाच-दहा हजार जातात आणि या पॉइंटांसाठी त्या कागदाचा शून्य उपयोग. आणि महिन्यापुरते शो मनी, म्हणजे नुसते खात्यात दाखवायचे पैसे, व्याजानं देणारे जे फिरतात त्यांच्या नादी तर लागूच नका, एवढी रक्कम कुठून आली असं विचारलं की लेकराला उत्तर देता येत नाही.

पैसे कमी पडत असले तर सरळ बँकेचं शैक्षणिक कर्ज. मंजुरीचं पत्र लेकराच्या नावावर, अर्जाच्या तारखेआधी सहा महिन्यांच्या आतलं, आणि पैसे प्रवासाआधी मिळतील किंवा थेट विद्यापीठाला जातील असं त्यात लिहिलेलं. त्याला २८ दिवसांची भानगड नाही. माझं मत विचाराल तर खरीपाच्या तोंडावर बापाचा जीव टांगणीला लावण्यापेक्षा हे बरं.

बाकी फॉर्म, हेल्थ सरचार्ज (वर्षाला ७७६, एक वर्षाच्या मास्टर्सला व्हिसा जास्त दिवसांचा असल्यानं १,१६४ पाउंड लागतात), मग पुण्याला किंवा मुंबईला जाऊन ठसे. साधारण तीन आठवड्यांत निकाल.

आता काम. डिग्री लेव्हलला टर्म चालू असताना हप्त्याला २० तास. हप्ता सोमवार ते रविवार, आणि इथंबी सरासरी नाही, या हप्त्यात २६ आणि पुढच्या हप्त्यात १४ केलं तर पहिल्या हप्त्यातच नियम मोडला. दोन ठिकाणी काम असलं तर दोन्हीची बेरीज. सगळ्यात जास्त फसतात ते मास्टर्सवाले, उन्हाळ्यात कॉलेज रिकामं दिसतं म्हणून फुल टाइम करायला लागतात, पण त्यांचा डिझर्टेशनचा, म्हणजे शेवटचा प्रबंध लिहायचा काळ हा टर्मच धरतात. कोर्स संपल्याची विद्यापीठाची तारीख उलटेपर्यंत २० म्हणजे २०.

स्वतःचा धंदा करता येत नाही. फूड डिलिव्हरी ही तिकडं बहुतेक ठिकाणी स्वतःचा धंदा धरली जाते, म्हणून ती नाहीच, आणि दुसऱ्याचं अकाउंट भाड्यानं घेऊन करणं तर सरळ गुन्हा. तिकडं बसून पुण्याच्या कंपनीचं फ्रीलान्सिंग करणंबी त्यातच आलं. काम करून फी फेडतो म्हणणाऱ्या लेकराला मी समोर बसवून २० तासांचा हिशेब मांडून दाखवतो, त्यात भाडं आणि किराणा कसाबसा निघतो.

मास्टर्सनंतर ग्रॅज्युएट रूट, म्हणजे शिक्षण झाल्यावर तिकडं राहून काम करायचा व्हिसा आहे, सध्या दोन वर्षं, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिने. तो अर्ज यूकेत असतानाच आणि स्टुडंट व्हिसा संपायच्या आत करावा लागतो, दिवाळीला घरी येऊन इथून होत नाही.